दत्तक कुत्रा किंवा मांजर घरी आणताना: आधी काय, मग काय

दत्तक दिलेलं जनावर परत येतं तेव्हा सोबत येणारी वाक्यं मला आता पाठ झाली आहेत. 'खातच नाही.' 'पलंगाखालून बाहेर येत नाही.' 'मुलावर गुरगुरला.' 'सांगूनही घरातच शू करतो.' नवं घर मिळेपर्यंत मी अशी कुत्री-मांजरं माझ्याकडे सांभाळते, आणि परत आलेलं बरंचसं पंधरा दिवसांत सरळ वागायला लागलेलं बघते. गडबड बहुतेक वेळा क्रमाची झालेली असते. चौथ्या आठवड्यात करायची गोष्ट पहिल्याच संध्याकाळी केलेली असते आणि आणण्याआधी करायची गोष्ट राहूनच गेलेली असते. म्हणून हा लेख क्रमाचा आहे. मधली पायरी गाळू नका.

१. तासांचा हिशेब (जनावर बघायला जाण्याआधी)

एका कागदावर आठवड्याचे सातही दिवस लिहा आणि घरात कोण कधी असतं ते मांडा. मनातल्या मनात केलेला हिशेब नेहमी आपल्या बाजूने झुकतो, म्हणून लिहूनच काढा.

कुत्र्याचं पिल्लू शू किती वेळ धरू शकतं याचा ढोबळ आडाखा असा: जितके महिने वय, त्यात एक मिळवा, तितके तास. म्हणजे दोन महिन्यांचं पिल्लू जास्तीत जास्त तीन तास, तेही जमलं तर. नऊ तास बंद असणाऱ्या घरात ते शहाणं होईल अशी आशा धरण्यात अर्थ नाही. मोठ्या कुत्र्यालाही सहा-आठ तासांच्या वर कोंडून ठेवू नये. मांजर एकटेपणा त्यापेक्षा बरा निभावतं, पण त्यालाही रोज खेळायला कुणीतरी लागतं.

मग वर्षांचा हिशेब. नीट सांभाळलेलं मांजर सहज १५ वर्षं जगतं, लहान चणीचे कुत्रेही तितके जगतात, अवाढव्य जातींचे मात्र बरेचदा ८ ते १० वर्षांतच जातात. दहा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी मांजर आणत असाल, तर ते म्हातारं होईल तेव्हा मूल पंचविशीत असेल, बहुधा दुसऱ्या गावात. मांजर तुमचंच आहे असं आजच धरून चाला.

घरातलं एखादं माणूस म्हणतं, 'आणायचं तर आणा, मी काही करणार नाही.' हा नकार आहे. तो होकारात मोजू नका.

कुणाला ॲलर्जीची शंका असेल तर मांजर किंवा कुत्रा असलेल्या घरी दोन-तीन वेळा तासभर बसून या. ॲलर्जी होते ती लाळेतल्या आणि कातडीच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे, त्यामुळे 'याचे केस गळत नाहीत' या आश्वासनावर विसंबू नका. घर भाड्याचं असेल तर मालकाची परवानगी लेखी घ्या.

> पुढे जाण्याआधी तपासा: पहाटे बाहेर कोण नेणार? सगळे गावाला गेलात तर कुठे ठेवणार? ऐन कामाच्या दिवशी आजारी पडलं तर डॉक्टरकडे कोण नेणार? प्रत्येक प्रश्नापुढे एका माणसाचं नाव लिहिता यायला हवं. 'आपण सगळे मिळून' हे उत्तर चालत नाही.

२. निवड

फोटो बघून ठरवू नका. निदान दोनदा, वेगवेगळ्या वेळी भेटा. गोंगाटाच्या पिंजऱ्यात कोपऱ्यात दबून बसलेला कुत्रा बाहेर मोकळ्यावर आणला की पार निराळा निघतो, आणि उड्या मारत अंगावर येणाराही.

कुत्र्याचं पिल्लू ८ आठवड्यांचं होण्याआधी आईपासून तोडू नये. मांजराचं तर आणखी थोडं राहिलं तर बरंच. लवकर तोडलेल्या पिल्लाला किती जोराने चावलं की दुखतं हे भावंडांकडून शिकायला मिळत नाही, आणि तो धडा मग तुमचे हात देतात. वय सांगतात त्यावर न जाता तोंड उघडून बघा: दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यात पडायला लागतात आणि सातव्यापर्यंत पक्के दात आलेले असतात. तोंडभर मोठे पक्के दात असलेलं पिल्लू 'तीन महिन्यांचं' नसतं.

पहिल्यांदाच पाळणार असाल आणि घरातले सगळे कामावर जात असाल, तर माझं स्पष्ट मत: पिल्लू नकोच. दोन-तीन वर्षांचं मोठं जनावर घ्या. त्याचा स्वभाव, आकार, आवाज सगळं समोर असतं. मोठं जनावर लळा लावत नाही हा गैरसमज आहे. माझ्याकडे सात वर्षांची कुत्री आली होती, ती तिसऱ्या आठवड्यात माझ्या चपलेवर हनुवटी टेकून झोपायला लागली.

देणाऱ्याला हे विचारा: आधीच्या घरातून का परत आलं? ताटलीजवळ कुणी गेलं तर काय करतं? लहान मुलं, इतर जनावरं यांच्यासोबत राहिलंय का? सध्या काय आणि किती वेळा खातं? लसींचं पुस्तक हातात घेऊन तारखा वाचा, 'सगळं झालंय' या तोंडी शब्दावर सोडू नका. मायक्रोचिप (कातडीखाली बसवलेली ओळखीची चिप) असेल तर तिचा १५ अंकी क्रमांक लिहून घ्या.

डोळ्यांत चिपडं, वाहणारं नाक, कानात कॉफीच्या चोथ्यासारखा काळा मळ, टम्म पोट, केसांत गोल चट्टे: यातलं काही दिसलं म्हणून नाकारायलाच हवं असं नाही, यातलं बरंचसं औषधाने बरं होतं. पण ते घरी नेल्यावर कळण्यापेक्षा आधी कळलेलं बरं.

> सावध: जनावर दाखवण्याआधीच कुणी पैसे मागत असेल तर तिथेच थांबा.

३. घराची तयारी (आणण्याच्या निदान दोन दिवस आधी)

एक खोली ठरवा. पूर्ण घर पहिल्या दिवशी मोकळं सोडणं हा प्रेमाने केला जाणारा सगळ्यात मोठा घोटाळा. भेदरलेल्या जनावराला मोठी जागा म्हणजे मोठी भीती. कमी वर्दळीची खोली, त्यात पाणी, अंथरूण आणि लपायला एक पुठ्ठ्याचं खोकं एवढं पुरे. मांजरासाठी लिटर बॉक्स (शी-शूसाठी वाळूचा ट्रे) खाण्यापासून लांबच्या कोपऱ्यात ठेवा, सुरुवातीला झाकणाशिवाय. मांजरं जितकी, त्याहून एक बॉक्स जास्त, हे गणित लक्षात ठेवा.

मग जमिनीवर आडवे पडा. खरंच. गुडघ्यांवर रांगत खोलीभर फिरून बघा. कपाटामागची फट, लोंबणारी वायर, पलंगाखाली पडलेली गोळी, शिवणाचा दोरा, हे उभ्याने दिसत नाही. खिडक्यांना आणि बाल्कनीला घट्ट जाळी लावा. 'मांजर पायांवरच पडतं' म्हणून मांजराची हाडं मोडायची राहत नाहीत. कपडे धुण्याचं मशीन सुरू करण्याआधी आत हात घालून बघायची सवय आत्तापासून लावा.

विषांची यादी फ्रिजवर लावा:
- चॉकलेट, कांदा, लसूण, द्राक्षं, मनुका. शिजवल्याने कांदा-लसूण निर्धोक होत नाही.
- झायलिटॉल (साखरेऐवजी वापरतात तो गोड पदार्थ) असलेलं च्युइंगम किंवा साखरविरहित मिठाई. कुत्र्याची रक्तातली साखर यामुळे झपाट्याने कोसळते.
- लिली. मांजर असलेल्या घरात ही फुलं नकोतच, अंगाला लागलेले परागकण चाटले तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.
- पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन. माणसाची तापाची गोळी मांजराचा जीव घेऊ शकते.
- उंदीर मारायचं औषध, आणि फिनॉल असलेली फरशी पुसायची द्रावणं. मांजर ओल्या फरशीवरून चालतं आणि नंतर पंजे चाटतं.

कुत्र्यासाठी हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) घ्या, नुसता गळ्यातला पट्टा नको. हे मी नुकसान सोसून शिकले. पहिल्या वर्षी एका कुत्र्याला फाटकातून आत आणत होते. मागे दुचाकी धडधडली. तो पुढे पळाला असता तर दोरीने धरला असता, पण तो माझ्याकडे तोंड करून उलटा मागे सरकला, कान चपटे केले, आणि पट्टा डोक्यावरून अलगद निघून माझ्या हातात लोंबत राहिला. सापडायला दोन दिवस लागले. हार्नेसच्या पट्ट्याखाली दोन बोटं जातील इतकाच सैल ठेवा, आणि घरातच एकदा समोरून हलकं ओढून बघा.

४. आणण्याचा दिवस

१) पुढचे दोन दिवस सुट्टी असेल असा दिवस निवडा आणि सकाळीच आणा. संध्याकाळी आणलंत तर ओळख व्हायच्या आत रात्र होते.

२) निघण्याआधी भरपेट खायला घालू नका, प्रवासात उलटी होते. मांजर कॅरिअरमध्येच (न्यायच्या बंद पेटीत), वरून पातळ कापड टाकून. कितीही केविलवाणं ओरडलं तरी गाडीत दार उघडायचं नाही.

३) आधीच्या जागेतलं एखादं फडकं, न धुता, सोबत आणा. त्या वासाइतकं ओळखीचं त्याच्याकडे आज दुसरं काही नसतं.

४) कुत्र्याला घरात नेण्याआधी शू करायच्या जागी न्या आणि करेपर्यंत थांबा. मग आत. मांजराचं कॅरिअर खोलीत ठेवा, दार उघडा आणि तुम्ही बाजूला व्हा. ओढून बाहेर काढू नका.

> या दिवशी हे नको: पाहुणे, फोटोंसाठी रांग, आंघोळ, नवं खाणं. आंघोळीचा मोह विशेष टाळा. अनोळखी हातांनी, अनोळखी जागी, अंगावर पाणी ओतलं तर तुमच्याबद्दल पहिलं मत काय होणार?

५. पहिले तीन दिवस

या तीन दिवसांत तुमचं काम कंटाळवाणं आहे: खोलीत जाऊन बसायचं, आणि काही करायचं नाही. पुस्तक वाचा, हळू आवाजात फोनवर बोला. जनावराकडे टक लावून बघू नका, त्याच्या भाषेत तो दम असतो. जवळ येऊन हुंगलं तर हुंगू द्या, हात लगेच डोक्यावर नेऊ नका.

एक मांजरी माझ्याकडे आली आणि थेट फ्रिजमागे गेली. पहिल्या रात्री मी फ्रिज सरकवून तिला काढलं, 'भुकेली असेल' म्हणून. पुढचे चार दिवस ती माझी पावलं वाजली की आणखी आत जायची. दुसऱ्या मांजरीच्या वेळी मी फक्त वाटी फटीजवळ ठेवली आणि पाठ करून बसले. रात्री दोनला वाटीचा टिणटिण आवाज आला. मी वळले नाही. पाचव्या दिवशी तिने माझ्या पाठीला डोकं घासलं.

हात लावायची वेळ आली की तीन सेकंदांची कसोटी वापरा. छातीवर किंवा गालावर तीन सेकंद खाजवा आणि हात काढून घ्या. जवळ सरकलं, हाताला डोकं लावलं, तर पुन्हा. जागेवर थिजलं, मान फिरवली, ओठ चाटले, झोप नसताना जांभई दिली, डोळ्यांचा पांढरा भाग दिसायला लागला, तर आज पुरे. घरातल्या मुलांना हा खेळ म्हणून शिकवा, मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. मात्र मुलं आणि जनावर एका खोलीत असताना मोठं माणूस तिथे हवंच, आणि खाणाऱ्या, झोपलेल्या, लपलेल्या जनावराला हात लावायचा नाही हा नियम सगळ्यांना.

कुत्रा गुरगुरला तर मारू नका, ओरडूही नका. मागे व्हा, आणि तो कशावर गुरगुरला ते लिहून ठेवा. गुरगुरणं म्हणजे त्याने वेळेवर दिलेली सूचना. ती दाबून टाकलीत तर पुढच्या खेपेला तो सूचना न देता चावतो.

पहिला दिवस कमी खाणं, लपणं, खूप झोपणं, कुत्र्याने येरझारा घालणं, हे चालायचंच. पण पुढच्या गोष्टींत वाट बघत थांबू नका:

- मांजराने २४ तासांत काहीच खाल्लं नाही तर डॉक्टरला फोन करा. दोन-तीन दिवस उपाशी राहिलेल्या मांजराच्या, त्यातही लठ्ठ मांजराच्या, यकृतात चरबी साठून जिवावर बेतू शकतं.
- पिल्लाला उलट्या, रक्ताचे जुलाब, मलूलपणा: पार्व्होची (पिल्लांच्या जिवावर बेतणाऱ्या विषाणूजन्य आजाराची) शंका. उद्यावर टाकू नका.
- बोका सारखा लिटर बॉक्समध्ये जाऊन कुंथतोय आणि शू होत नाही: मार्ग तुंबलेला असू शकतो. रात्र असली तरी त्याच क्षणी निघा.

६. डॉक्टर

पहिल्या दोन-तीन दिवसांत एकदा जाऊन याच, आजारी दिसत नसलं तरी. सोबत लसींचं पुस्तक आणि डबीत ताजी शी न्या. शी न्यायची लाज वाटते म्हणून लोक नेत नाहीत आणि जंत कुठले हे कळायला आठवडा जातो.

पिल्लांच्या लसी ६ ते ८ आठवड्यांपासून सुरू होतात आणि दर दोन ते चार आठवड्यांनी १६ आठवड्यांपर्यंत द्याव्या लागतात. कारण असं की आईच्या दुधातून मिळालेली प्रतिकारशक्ती लसीला अडवते, आणि ती नेमकी कधी उतरते हे प्रत्येक पिल्लात वेगळं. म्हणून एक डोस देऊन 'लस झाली' म्हणता येत नाही. रेबीजची लस साधारण १२ आठवड्यांनंतर, मग बूस्टर ठरलेल्या तारखेला.

इथे दोन्ही बाजूंनी चुका होतात. काही जण लसी अर्ध्या असताना पिल्लाला अनोळखी कुत्री फिरतात त्या जमिनीवर सोडतात. काही जण चार महिने घराबाहेरच काढत नाहीत. पिल्लाचं जगाशी ओळख करून घेण्याचं वय तिसऱ्या आठवड्यापासून तिसऱ्या-चौथ्या महिन्यापर्यंतच असतं, ते निसटलं की छत्री, हेल्मेट, दाढीवाला माणूस सगळ्यांची भीती बसते. उपाय सोपा: कडेवर घ्या आणि जग दाखवा, पाय खाली टेकू देऊ नका.

नसबंदी कधी करायची ते याच भेटीत ठरवा. मांजरी चार-पाच महिन्यांची असताना गाभण राहू शकते, 'अजून लहान आहे' म्हणेपर्यंत उशीर झालेला असतो.

> सावध: कुत्र्याच्या गोचिडांचं औषध मांजराला लावू नका. त्यात परमेथ्रिन असेल तर मांजर झटके येऊन मरू शकतं.

> चावलं किंवा बोचकारलं तर: जखम साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं, घड्याळ लावून धुवा आणि त्याच दिवशी माणसांच्या डॉक्टरकडे जा. रेबीजची लक्षणं दिसू लागल्यावर उपचार जवळपास कधीच उपयोगी पडत नाहीत. 'घरचंच आहे' हा इलाज नव्हे.

७. सवयी: दुसरा ते चौथा आठवडा

*खाणं.* आधीचंच खाणं पहिला आठवडा चालू ठेवा. मग नवं थोडं-थोडं मिसळत ७ ते १० दिवसांत बदला. मोठ्या मांजरांना बरेचदा दूध पचत नाही, ताजं पाणी ठेवा.

*शी-शू.* झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर लगेच बाहेर. केल्याच्या दोन सेकंदांत शाबासकी आणि खाऊ, घरात आल्यावर नव्हे. घरात केलं म्हणून त्याचं नाक त्यात घासणं बंद करा, त्यातून ते तुमच्यासमोर करायला घाबरतं आणि सोफ्यामागे जाऊन करतं. जागा एन्झाइमवाल्या क्लीनरने पुसा. अमोनियाच्या द्रावणाचा वास मूत्रासारखाच येतो, म्हणजे तुम्हीच तिथे पाटी लावल्यासारखं.

*एकटं राहणं.* लोक दहा दिवस सुट्टी काढून जनावराला क्षणभर नजरेआड करत नाहीत आणि अकराव्या दिवशी आठ तासांसाठी कुलूप लावून जातात. मग शेजाऱ्यांची तक्रार येते. तिसऱ्या-चौथ्या दिवसापासूनच सुरू करा: एक मिनिट दाराबाहेर, आत या, काही घडलंच नाही असं वागा. मग पाच मिनिटं, पंधरा, अर्धा तास. किल्ल्या वाजवा आणि कुठेच जाऊ नका, म्हणजे किल्ल्यांची धास्ती जाते.

८. घरात आधीचं जनावर असेल तर

नवीन आलेल्याला निदान १० ते १४ दिवस वेगळ्या खोलीत ठेवा, आजार असेल तर तेवढ्यात बहुधा दिसतो. मांजरांचा क्रम असा: आधी अंथरुणांची अदलाबदल, मग बंद दाराच्या दोन्ही बाजूंना जेवण, मग फटीतून दर्शन, मग दोन मिनिटांची भेट. फिस्कारलं तर हरकत नाही. अंगावर धावून गेलं तर एक पायरी मागे या. कुत्र्यांची पहिली भेट घराबाहेर, दोघांच्याही मालकीच्या नसलेल्या जागी, अंतर ठेवून एकाच दिशेला चालत करा. ताटल्या कायम वेगळ्या.

९. तीन महिन्यांनी

दत्तक देणाऱ्यांमध्ये तीन दिवस, तीन आठवडे, तीन महिने असा एक आडाखा चालतो: भीती उतरायला तीन दिवस, दिनक्रम कळायला तीन आठवडे, घर आपलं वाटायला तीन महिने. घड्याळ लावून कुणी वागत नाही, पण त्याआधी निकाल देऊ नका. खरा स्वभाव, चांगला आणि खोडकर दोन्ही, दुसऱ्या महिन्यात बाहेर येतो. कुत्रा वाटेत मधोमध, पोट वर करून झोपलाय आणि तुम्ही त्याला ओलांडून जाताय, किंवा मांजर लांबून बघत डोळे सावकाश मिटतंय: घर आपलं झाल्याच्या या खुणा. डोळे तुम्हीही सावकाश मिटून बघा.

आणि सगळं नीट करूनही जमलं नाही तर? ज्यांच्याकडून आणलंत त्यांनाच आधी कळवा. ओळखीपाळखीत परस्पर देऊन टाकू नका, आणि रस्त्यावर तर सोडूच नका. तुम्ही लिहून ठेवलेल्या नोंदी सोबत द्या: काय खातं, कशाला घाबरतं, कशावर गुरगुरलं, कुठे खाजवलेलं आवडतं. लसींचं पुस्तक, औषधं आणि ते न धुतलेलं फडकं पिशवीत घाला. मायक्रोचिपच्या क्रमांकापुढे तुमचं नाव नोंदवलं असेल तर ते बदलून घ्या, नाहीतर चार वर्षांनी ते हरवून कुठेतरी सापडेल आणि फोन तुम्हाला येईल.